प्रयोजक क्रियापद

मी एकदा एका नर्सला "झाली" असं सांगितलं. शब्द एवढाच. त्यात व्याकरणाची चूक नव्हती, आणि ताणून धरलं तर ते खोटंही नव्हतं. तरी माझ्या तोंडून याहून मूर्ख शब्द निघालेला मला आठवत नाही. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे, म्हणजे निवडायला शब्द कमी नव्हते.

प्रसंग असा. अकोल्याच्या एका दवाखान्यात माझी सून बाळंत झाली होती. मुलगी झाली, वजनाला चांगली, आवाजाला त्याहून चांगली. सुनेचं माहेर भातकुलीकडचं. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. माहेरी वडील आणि दोन भाऊ, म्हणजे बाळंतपणाच्या हिशेबानं कोणीच नाही. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज मोडून ते आमच्याकडे आलं, आणि मी सासू, आई, सुईण आणि तज्ज्ञ अशा चारही पदांवर एकदमच रुजू झाले. नुकतीच निवृत्त झाले होते. निवृत्त मास्तरणीला वर्ग मिळाला नाही तर ती घरात भरवते.

नर्स यायची आणि विचारायची, काळी शी झाली का? बाळाची पहिली शी काळी असते, डांबरासारखी, आणि ती लवकर व्हावी लागते. आमची होत नव्हती. दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवसही कलला. सून म्हणत होती, आई, अजून नाही झाली. मला ते ऐकवत नव्हतं. परीक्षा नातीची होती, पण नापास मी होते आहे असं वाटत होतं. वॉर्डात आणखी आज्या होत्या. त्यांच्या नातवंडांची झालेली होती आणि त्या तसं चेहऱ्यावर दाखवत होत्या.

मग मी नवऱ्याला पान आणायला पिटाळलं. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवायचा आणि बाळाच्या शीच्या जागी हलकेच लावायचा, हा आमच्याकडचा जुना उपाय. दवाखान्यात असलं काही करायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून मी आधी पडदा ओढला. देठ लावला मात्र, आधी जोराचा वारा सुटला आणि पाठोपाठ ती काळी शी अशी उसळून आली की माझं पातळ काठापासून गुडघ्यापर्यंत रंगलं. नातीचं पोट एकदम खाली बसलं. ती झोपी गेली. सून डोळे मोठे करून बघत होती. मी पातळ बदललं, पडदा सरकवला आणि बाकीच्या आज्यांकडे एक नजर टाकली.

नर्स आली. झाली का, तिनं विचारलं. मी म्हणाले, "झाली."

ती समाधानानं गेली, आणि आम्हाला घरी सोडलं.

आता हे प्रकरण व्याकरणाचं का आहे ते सांगते. मराठीत प्रयोजक क्रियापद नावाची एक सोय आहे. बाळ हसतं, आई हसवते. बाळ जेवतं, आई जेववते. क्रिया एकाची असते, करवून घेणारा दुसराच असतो, आणि त्या एका "व"नं सगळी जबाबदारी बदलते. वर्षानुवर्षं मी हे पोरांकडून घोटून घेतलं. ज्यानं "करवणे"च्या जागी "करणे" लिहिलं त्याचा अर्धा गुण कापला. आणि जिथं त्या "व"वर एका जिवाचं भवितव्य होतं, तिथं मी स्वतःच तो खाल्ला. शी झाली नव्हती. मी करवली होती. नर्सला हे कळायला हवं होतं, कारण आपोआप न होणं हाच तर रोग होता.

पण तेव्हाची मी फार हुशार बाई. मला वाटलं, अडलं होतं, मोकळं झालं.

घरी आल्यावर पुन्हा तेच. नात दूध प्यायची, पोट फुगायचं, शी व्हायची नाही. सून दिवसातून चारदा तिचं झबलं वर करून बघायची. एकदा म्हणाली, "आई, हिचं पोट पाहा बरं. टमरेलावानी वाजून राहिलं." मी येऊन दोन बोटांनी वाजवून पाहिलं आणि निदान केलं: गॅस. आमच्या वऱ्हाडात सगळ्या रोगांची सुरुवात गॅसनं होते आणि बऱ्याचशांचा शेवटही. डोकं दुखलं, गॅस चढला. छातीत दुखलं, गॅस अडकला. माझ्या नवऱ्याला हृदयाचा झटका आला तेव्हा मी त्याला ओवा-मीठ चावायला दिलं होतं. तो वाचला, त्यामुळे ओव्याची अब्रू राहिली.

नातीच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लागला. घुटी उगाळली. त्यानं होईना, तेव्हा देठ. देठ मात्र दगा देत नव्हता. लावला की तोच जोर, तोच वारा, तेच पातळ. मी मग जुनंच पातळ नेसून बसायला लागले. दिवसाआड हा सोहळा. सुनेनं एकदा विचारलं, काहून आई, दर खेपेला एवढा जोर काहून? मी म्हणाले, नात कोणाची आहे.

ती हसली नाही. तिला आई असती तर तिनं तो प्रश्न तिला विचारला असता, आणि त्या बाईनं कदाचित नीट उत्तर दिलं असतं. इथं विचारायला मीच होते, आणि मी उत्तरं आधीच तयार ठेवलेली होती.

कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर माझं दिवसाआडचं जाणं झालं. मी लांब देठाचं पान मागायची. देठ नातीला, आणि पान वाया जाऊ नये म्हणून कात-चुना लावून मला. महिनाभरात माझे दात असे रंगले की शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी बाजारात ओळख दाखवली नाही. ठेलेवाल्यानं एक दिवस माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, की मॅडमले आता या वयात लत लागली काय. नवरा म्हणाला, लत तिले आधीपासून आहे, फक्त पानाची नवी आहे.

सुनेच्या हट्टानं आम्ही बाळाच्या डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी पोट तपासलं आणि विचारलं, शी होते का? मी म्हणाले, होते, दिवसाआड. पुन्हा तोच "व" गिळला. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी गॅसचे थेंब लिहून दिले. बाहेर आल्यावर मी सुनेला म्हणाले, पाहा, डॉक्टरही गॅसच म्हणतात. त्यांना मीच तसं शिकवलं होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. पोरगा मास्तरणीचंच उत्तर मास्तरणीला लिहून देतो आणि मास्तरणी पैकीच्या पैकी गुण देते, तसं झालं.

मग एका सकाळी नात दूध घेईना. अंग तापलेलं, उलटी हिरवी, पोट टणक, आणि त्यावर निळ्या शिरा. देठ लावावा म्हणून मी हात पुढे केला तर सुनेनं तो धरला. घट्ट धरला. लग्न होऊन आल्यापासून तिनं मला पहिल्यांदा अडवलं होतं, आणि मला ते आवडलं नाही हेसुद्धा मी इथं सांगून टाकते.

डॉक्टरांनी पोट पाहिलं आणि वेळ न घालवता अमरावतीला न्या म्हणाले, लहान मुलांच्या सर्जनकडे. मुलगा नोकरीनिमित्त धामणगाव रेल्वेला होता, त्याला थेट अमरावतीलाच ये म्हणून कळवलं. आम्ही गाडी केली. नवरा पुढे, आम्ही दोघी मागे, नात सुनेच्या मांडीवर. मूर्तिजापूर मागे पडलं. नंतर सून बाहेर बघतच म्हणाली,

"आई, तिथं सांगजा."

"काय सांगू?"

"देठाचं. तुमी नाही सांगतलं त मी सांगीन."

मी म्हणाले, बघू. बडनेरा येईपर्यंत मी बघतच होते. देठाचं सांगितलं तर डॉक्टर चारचौघांत काय म्हणतील याचा मी विचार करत होते. नातीचं पोट सुनेच्या हाताखाली वरखाली होत होतं आणि मला माझ्या अब्रूची काळजी होती. त्या बाईला आज कोणी माझ्यासमोर उभं केलं तर मी तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करीन.

सर्जन वयानं माझ्या मुलाएवढे. नातीला आडवं केलं, पोटावर हात ठेवला, चेहरा बदलला नाही. आधी सलाइन लावायला सांगितलं, मग विचारायला लागले. जन्मल्यावर पहिली काळी शी वेळेत झाली होती का?

मी म्हणाले, झाली होती.

त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "आपोआप?"

साधं क्रियाविशेषण. चौथीच्या पोरालाही कळतं. मी सुनेकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. नातीचं झबलं नीट करत होती, जे नीटच होतं. ती सांगणार होती. तिचे ओठ हललेही. आणि मला एकदम कळलं की तिनं सांगितलं तर ती तक्रार होईल, मी सांगितलं तर माहिती होईल.

"नाही," मी म्हणाले. "करवली."

"कशानं?"

"पानाच्या देठानं. तेव्हापासून दर वेळी देठानंच."

खोलीतली नर्स माझ्याकडे बघायला लागली. सर्जन रागावले नाहीत. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि देठ लावल्यावर नेमकं काय होतं ते विचारलं. मी सगळं सांगितलं: आधी वारा, मग जोर, पोट एकदम रिकामं, आणि पातळ. पातळाचंही सांगितलं. मग त्यांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं. तोच जोर, तोच वारा. त्यांच्या बाहीचं माझ्या पातळासारखं झालं. ते बाहीकडे बघत म्हणाले, "हो, तुम्ही म्हणता तसंच."

आधी नातीच्या आतड्याला झालेला संसर्ग आटोक्यात आणला. मग खालून औषध सोडून फोटो काढले, आतड्याचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. निदान पक्कं झाल्यावर सर्जननं आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. मुलगा होता, नवरा होता, सून आणि मी.

ते म्हणाले, आतड्याला स्वतःच्या मज्जापेशी असतात. बाळ पोटात असताना त्या वरून खाली सरकत सरकत शेवटपर्यंत पोचतात. तुमच्या नातीच्या शेवटच्या थोड्या भागात त्या पोचल्याच नाहीत. तिथलं आतडं घट्ट मिटून बसलं आहे. आतडं आवळतं तसं त्याला वेळेवर सैलही व्हावं लागतं, आणि सैल हो म्हणून सांगणाऱ्या पेशी त्यासाठी एक वायू सोडतात. नायट्रिक ऑक्साइड. तो क्षणभर जगतो, स्नायूला सैल हो म्हणतो आणि विरतो. इथं पेशीच नाहीत, म्हणून वायू नाही, म्हणून कोणी सैल हो म्हणत नाही.

वायू हा शब्द ऐकल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, मी तर पहिल्या दिवसापासून गॅसच म्हणत होते.

सर्जन म्हणाले, "तुम्ही जास्त झाला म्हणत होता. हा कमी पडला आहे."

माझा नवरा खोकला. त्याला हसू लपवायचं असलं की तो खोकतो.

सुनेनं विचारलं, मग तो वायू बाहेरून देता येत नाही का? प्रश्न मोठा चांगला होता. मला सुचला नव्हता. सर्जननं नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातल्या छोट्या बाटलीकडे बोट केलं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची त्याची गोळी. ते म्हणाले, त्या गोळीतून शरीरात हाच वायू तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैल होतात. मोठ्या माणसांच्या काही दुखण्यांत मलम लावूनही त्याचा उपयोग करतात. पण आतड्यात तो नेमक्या जागी, नेमक्या वेळी सुटावा लागतो, आणि इथं केवळ वायूचाच तुटवडा नाही, सांगणारे सगळेच गैरहजर आहेत. एवढा भाग काढून टाकायचा आणि वरचा चांगला भाग खाली आणून जोडायचा, हाच उपाय.

म्हणजे मी ज्या वायूला महिनाभर हिंग लावून हाकलत होते, तो आमच्या घरात नवऱ्याच्या खिशात बाटलीत बसला होता, आणि नातीच्या पोटात यायला हवा होता तिथं आलाच नव्हता. मला शाळेची उपमा सुचली. वर्ग भरला आहे, वेळ संपली आहे, पण घंटा वाजवणारा शिपाईच नेमलेला नाही, म्हणून पोरं आत बसून आहेत. मी काय करत होते? खिडकीतून एकेकाला बाहेर ओढत होते आणि हेडमास्तरांना कळवत होते की शाळा वेळेवर सुटते.

ऑपरेशनआधी नातीचं वजन वाढायला हवं होतं. तोवर रोज खालून नळीनं मिठाचं पाणी सोडून आतडं धुवायचं होतं. नर्सनं विचारलं, घरी हे कोण करणार? मी पुढे झाले, सवयीनं. सून म्हणाली, मी करीन. नर्सनं मग तिलाच शिकवलं: नळी किती आत घालायची, पाणी किती आणि किती कोमट, आत गेलं तेवढं बाहेर आलं का ते कसं पाहायचं. मी खाली पाणी झेलायचं पसरट तसराळं धरायला होते. अकोल्याला परत आल्यावरही तसराळंच धरलं. कधी मी तिरकं धरलं की सून म्हणायची, सरळ धरा, आई. मी सरळ धरायची. वर्गात पोरांना कसं वाटत असेल ते मला निवृत्तीनंतर कळलं.

पानठेला सुटला. ठेलेवाल्यानं नवऱ्याला विचारलं, मॅडमनं सोडली काय? नवरा म्हणाला, डॉक्टरनं सोडवली. त्यानं प्रयोजक बरोबर वापरलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वजन भरलं तशी आम्ही पुन्हा अमरावतीला गेलो आणि ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, जोडलं आहे, आता वाट पाहायची. वरचा भाग चांगला आहे, त्याच्यात पेशी आहेत, पण खाली येऊन तो आपलं काम आपण करतो की नाही ते तोच सांगेल. आपणहून शी झाली की आपण जिंकलो. नाही झाली तर पुढचं पुढे बघू. पुढचं म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच मी एखादा प्रश्न विचारला नव्हता.

नातीजवळ एकालाच थांबता येत होतं. सून थांबली. आम्ही बाहेरच्या बाकावर. मुलगा येरझाऱ्या घालायचा, नवरा पेपर वाचायचा, तोच तो. शेजारी वलगावचं एक कुटुंब होतं. त्यांच्या आजीनं मला विचारलं, तुमच्या नातीले काय झालं? मी म्हणाले, गॅस कमी पडला. ती बाई म्हणाली, आमच्या घरी या, तिथं लय आहे.

तो दिवस काही न होता गेला. दुसरा दिवस लागला. माझे हात मांडीवर नुसते पडून होते. त्यांना इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. मला आत जाऊन काहीतरी करावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी माझ्यासारखी बाई आत जाऊन काही न करो असंही वाटत होतं. नवऱ्यानं पेपरातून डोकं न काढता म्हटलं, अवं, बस ना. मी बसलेलीच होते.

दुपारी आतलं दार उघडलं आणि सून बाहेर आली. ओढणी एका बाजूनं खाली लोंबत होती, केस विस्कटलेले, आणि कुर्त्यावर पोटापाशी मोठा पिवळा डाग. ती डाग पुसत नव्हती. मुलगा उठला, नवरा उठला, पण ती त्यांच्याकडे गेली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते, पण तोंडावर अगदी मी फळ्यापाशी उभी असायची तसा भाव होता. ती म्हणाली,

"आई, झाली. कोणी करवली नाही, तिच्या मनानं झाली. आता पाहा, तुमच्या व्याकरणात याले काय म्हणतात."